खुरप्याचे चित्र

शेतीतल्या श्रमांचा गौरव करणाऱ्या मराठी कलेत शेतकरी आणि शेतमजूर यांची गल्लत जुनी आहे. एकाच्या नावावर सातबारा असतो, दुसऱ्याच्या नावावर मुकादमाची उचल. साहित्य संमेलनाच्या बोधचिन्हावर येतो तो पहिला. फेटा, नांगर, बैलजोडी. उकिडवे बसून भांगलणाऱ्या बाईचे चित्र सुचवले की ‘ते सुबक दिसत नाही’ असे उत्तर येते. हे उत्तर कोणत्या स्मरणिका समितीने किती वेळा दिले, ते लासुर्ण्याच्या या संमेलनाच्या मंडपात बसलेल्यांना पाठ आहे.

या श्रमांची मूळ कला म्हणजे भलरी. काढणीला बाया-गडी ओळीने पात धरतात, एकजण गाणे उचलतो, बाकीचे झेलतात, आणि विळे त्या ठेक्यावर चालतात. मागे पडलेल्याला गाणेच ओढून आणते. मोटेवरचे गाणे वेगळे. बैल धावेवरून खाली उतरेपर्यंतच गाणाऱ्याला वेळ. थारोळ्यात पाणी कोसळले की ओळ संपली. इंजिने आली आणि ते गाणे विहिरीतच राहिले. भलरीला मारले ते उक्त्या कामाने. रोजावरची माणसे बरोबरीने चालतात. टनावर ऊस तोडणारे नवरा-बायकोचे जोडपे, ज्याला कारखान्याच्या भाषेत ‘एक कोयता’ म्हणतात, ते शेजारच्या कोयत्याच्या पुढे जायला बघते. तिथे झीलकरी कुठून मिळणार?

इथला नीरा डावा कालवा 1885 साली सुरू झाला. त्याची लांबी-रुंदी सरकारी कागदांत सापडते, रात्री दारे धरणाऱ्याने काय गुणगुणले ते सापडत नाही. त्याच 1885 साली पुण्यात ग्रंथकारांची सभा भरली आणि जोतीराव फुल्यांनी रानड्यांना पत्र पाठवून तिच्यात सामील होण्यास नकार दिला. ‘शेतकऱ्याचा असूड’ त्याआधी दोन वर्षे लिहून झाला होता. या ग्रंथकारांच्या पुस्तकांशी आपला मेळ मिळत नाही, हे त्या नकाराचे कारण अजून मिटलेले नाही, असे मानायला या तालुक्यात भरपूर जागा आहे.

बाबुराव पेंटरांच्या ‘सावकारी पाश’ या चित्रपटातला (1925) शेतकरी जमीन गमावून मजूर होतो, पण गिरणीतला. आनंद यादवांच्या ‘गोतावळा’ या कादंबरीत (1971) मात्र नारबा हा सालगडीच बोलतो आणि ट्रॅक्टर आल्यावर गोठा कसा रिकामा होतो ते सांगतो. शाहिरांनाही या गल्लतीच्या तक्रारीतून वगळले पाहिजे. उरतात ती ग्रामीण साहित्याचा सातबारा स्वतःच्या नावावर चढवून घेतलेली मंडळी. उसाच्या भाषेत सांगायचे तर त्यांची नवी लागण कधीच थांबली. खोडव्यावर खोडवा चालू आहे.

फ्रान्समध्ये मिले या चित्रकाराने 1857 साली कापलेल्या शेतात वाकलेल्या तीन बाया रंगवल्या. त्या करत होत्या त्याला इकडे सरवा वेचणे म्हणतात. तिकडच्या टीकाकारांनाही ते चित्र सुबक वाटले नव्हते.

या संमेलनाच्या प्रस्तुत अध्यक्षांच्या आईचे खुरपे वळचणीला खोचलेले असे. तिने दोन मुठी झिजवल्या. तिसरी बाभळीची, तिच्या अंगठ्याला रुतणारी, म्हणून त्या मुठीवर चिंधी गुंडाळलेली. ते खुरपे अध्यक्षांनी एका प्रदर्शनाला दिले. तिथे त्याच्याखाली ‘ग्रामीण अवजार’ अशी चिठ्ठी लागली. कोणाचे, ते लिहायला चिठ्ठीत जागा नव्हती म्हणे.

जागा असते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, तेव्हा गाणारणीचे नाव आणि गाव सोबत नोंदवले. भलरीसाठी असे खाते कोणी उघडलेले दिसत नाही. ते लासुर्ण्यात उघडता येईल. भलरी झेललेल्या बाया आज सत्तरी-ऐंशीच्या आहेत, मंडपात मागच्या सतरंजीवर बसल्या आहेत, आणि कार्यक्रमपत्रिकेत त्यांच्यासाठी ठेवलेली दहा मिनिटे स्वागतपर भाषणांनी खाल्ली आहेत.