समुद्राने काठावर टाकलेल्या वस्तू
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला बोलायला सांगितले तेव्हा मी पुष्कळ आढेवेढे घेतले. आमच्या गावची शाळा सातवीपर्यंतच होती, तेवढेच माझे शिक्षण. पण त्या म्हणाल्या, "तुम्ही अलिबागकडच्या, समुद्रकाठी वाढलेल्या. वाळूत काय काय सापडते आणि ते कसे ओळखायचे, एवढेच सांगा." ते मला सांगता येईल, कारण ते मी आजीचा पदर धरून शिकले.

17 जुलै 1947 रोजी, आषाढ अमावास्येच्या दिवशी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. त्यांत माझे आजोबा होते. मुंबईला गिरणीत कामाला होते, घरी येत होते. ते सापडले नाहीत. आजी तेव्हा बावीस वर्षांची, आणि माझे वडील दोन वर्षांचे.

आजोबांजवळ पितळेचा फिरकीचा तांब्या होता, त्यावर नाव कोरलेले. फिरकी घट्ट लावलेला रिकामा तांब्या पाण्यावर तरंगतो, हे आजीने विहिरीत तसलाच दुसरा तांब्या सोडून पाहिले होते. म्हणून ती किनाऱ्याने फिरू लागली. पावसाळ्यात वारा समुद्राकडून जमिनीकडे वाहतो, तेव्हा सर्वांत जास्त वस्तू काठाला लागतात. भरती ओसरली की आजी निघायची. चाळीसहून अधिक वर्षे तिने हा नेम चालवला. शेवटची काही वर्षे मी तिच्याबरोबर असे.

पुष्कळ वस्तू बोटीच्या वाटतात, पण त्या बोटीच्या नसतात. पांढरी, हलकी, होडीच्या आकाराची वडी सापडते. तो समुद्रफेन, म्हणजे माकुळाच्या पाठीतले हाड. करड्या रंगाची गुळगुळीत गोटी सापडते. तो आपला खेळायचा सागरगोटा. काटेरी झुडपाचे ते बी पाण्यावर तरंगत कुठल्या कुठे जाते आणि तिथल्या वाळूत रुजते. काळा चिकट गोळा पायाला लागतो. ते जहाजांतून सांडलेले तेल, समुद्रात घट्ट झालेले. तो पाण्याने निघत नाही, खोबरेल तेल चोळले की निघतो.

आता बोटीच्या वस्तू. लाकडाला गोल भोके आणि भोकांच्या आत पांढरा चुनखडीसारखा थर दिसला, तर ते लाकूड खाऱ्या पाण्यात फार दिवस होते. ती समुद्रातल्या किडीची करामत. होडीच्या बुडाला चिकटतात तसले खरखरीत कवचाचे जीव वस्तूवर दाट असले, तरी तेच समजावे. लोखंडावर गंज चढून वाळूशिंपल्यांसकट त्याचा गोळा होतो. तांब्यापितळेवर मात्र हिरवा कळंक चढतो. तो आपल्या भांड्यांवर चढतो तसाच, म्हणून तो ओळखायला बाईमाणसाला कुणी शिकवावे लागत नाही.

मी दहाएक वर्षांची असताना मला असाच एक हिरवा गोळा सापडला. हाताला जड लागला. मी धावत आजीकडे गेले आणि ओरडले, "आजी, तांब्या!" तिने काही न बोलता चिंच आणि राख आणली आणि ओटीवर बसून घासायला लागली. घरातली सगळी माणसे भोवती उभी राहिली. पितळ उजळले. ते कुठल्यातरी मचव्याच्या यंत्राचे कडे होते. मला वाटले, आजी आता रडेल. तिने ते पदराने पुसले आणि म्हणाली, "आपले नव्हे हो. कुणाचे तरी असेल." दुसऱ्या दिवशी ते घेऊन ती कोळीवाड्यात विचारायला गेली. जाळ्याचे बोयेसुद्धा त्यांवरची खूण पाहून ज्याचे त्याला नेऊन द्यायची.

भगिनींनो, इतकी वर्षे जिने वाट पाहिली तिला एकदा तरी "हेच ते" म्हणावेसे वाटले नसेल का? पण आधी घासून पाहायचे आणि मग नाव द्यायचे, हा तिचा नियम. मनात आहे ते वस्तूवर लादायचे नाही.

हा नियम पुढे माझ्या कामी आला. 7 ऑगस्ट 2010 रोजी मुंबई बंदराजवळ 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया-3' ही जहाजे एकमेकांवर आदळली. मालाच्या लोखंडी पेट्या समुद्रात पडून आमच्या किनाऱ्यापर्यंत वाहत आल्या. माझे सासरही समुद्रकाठचेच. शेजारीपाजारी लोक धावले. माझा सहा वर्षांचा मुलगा एक बंद, चकचकीत डबा उचलून घेऊन आला. सासूबाई म्हणाल्या, "उघडून तरी बघ, चांगला दिसतोय." मी म्हटले, "आई, त्यावर काय लिहिले आहे ते आपल्याला वाचता येत नाही, तोवर तो आपला नव्हे." मुलाचे हात साबणाने धुतले, डबा अंगणाबाहेर ठेवला आणि पोलीसपाटलांना बोलावले. जहाजावरच्या काही पेट्यांत कीटकनाशके होती हे नंतर सर्वांना कळले. त्या रात्री मुलाला कुशीत घेऊन मी आजीची आठवण काढली.

त्यानंतरही असे प्रसंग आले. ऑगस्ट 2023 मध्ये दापोलीच्या किनाऱ्यावर प्लॅस्टिकमध्ये बांधलेल्या पुड्या लागल्या; आत चरस निघाला. 25 मे 2025 रोजी केरळजवळ 'एमएससी एल्सा-3' हे जहाज बुडाले, तेव्हा तिथल्या वाळूत प्लॅस्टिकचे पांढरे दाणे पसरले. दिसायला थेट साबुदाणा! लहान मुलाने तोंडात टाकावा असा.

म्हणून माझे सांगणे एवढेच. समुद्रफेन, सागरगोटे, शिंपले मुलांना खुशाल वेचू द्या. बंद डबा, पिंप, पुडी, अनोळखी गोळा यांना हात लावू देऊ नका. पोलिसांना 112 वर किंवा तटरक्षक दलाला 1554 वर कळवा. फुटलेल्या जहाजाचा माल सापडला तर सरकारला कळवावा असा आपल्याकडे कायदाच आहे.

आजी गेली. तांब्या सापडला नाही. विहिरीत सोडून पाहिलेला तो दुसरा तांब्या तिने जाण्याआधी मला दिला. दर आषाढ अमावास्येला मी तो चिंचेने घासते आणि दिव्यांच्या शेजारी ठेवते.