ड्रोनचा हिशेब बॅटरीपासून



लग्नात फोटो काढणारा ड्रोन बदलतो तो चांगल्या कॅमेऱ्यासाठी. जुनाही उडतच असतो. फवारणीच्या ड्रोनचे तसे नाही. तो बदलावा लागतो बॅटरी संपली म्हणून, नाहीतर सुटे भाग मिळेनात म्हणून.

केंद्र सरकारने 2023 मध्ये नमो ड्रोन दीदी योजना मंजूर केली. 15,000 बचत गटांना ड्रोन. अनुदान 80 टक्के, जास्तीत जास्त 8 लाख रुपये. त्यात जादा बॅटऱ्यांचे 4 संच धरले. कशासाठी? एका भरणीत ड्रोन जेमतेम दहा-पंधरा मिनिटे उडतो. संच बदलत राहिले तर दिवसाला 20 एकर, हा सरकारचाच हिशेब. हमी 1 वर्षाची, देखभालीचा करार 2 वर्षांचा. पुढचा खर्च कोणाचा? ज्याचा ड्रोन त्याचा!

ही बॅटरी लिथियमची. काही शे वेळा चार्ज झाली की तिचा जोर ओसरतो. उडून आलेली गरम बॅटरी तशीच चार्जरला लावली तर त्याही आधी. कपाशीची फवारणी संपली, की पुरी भरलेली बॅटरी पत्र्याच्या खोलीत टाकू नका, आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती फुगते. निम्मी भरून थंड जागी ठेवा. टाकी, नळ्या रोज धुवा.

भाड्याने फवारणी करणार असाल, तर एकरी दरात पायलटच्या मजुरीआधी बॅटरीची झीज धरा. आणि विक्रेत्याने मोठ्या टाकीचे नवे मॉडेल दाखवले तर एवढेच विचारा: जुन्या बॅटऱ्या याला बसतात का? पाते तुटले तर संभाजीनगरात किती दिवसांत मिळेल?