दिवाळीत काय वाचायचं? : रामराज्याच्या उलट राज्यातल्या प्रेमकथा



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत. मी वाचनालय चालवते म्हणून विषयही त्यांनीच ठरवून दिला, ‘यंदा दिवाळीत काय वाचावं’. माझ्या आधी बोलणाऱ्यांनी आपापल्या वेळेच्या दुप्पट वेळ घेतलेला आहे आणि मागून पुरणपोळीचा वास येतोय, तेव्हा मी सरळ मुद्द्यावर येते.

गेली दहाएक वर्षं माझ्याकडे दिवाळीच्या आधी एक प्रसंग हटकून घडतो. आई येते, सोबत पंधरा-सोळा वर्षांची मुलगी असते. आई दिवाळी अंकांच्या योजनेचे पैसे भरते. तुम्हाला ठाऊक आहे ती योजना, एकदा वर्गणी भरायची आणि होळीपर्यंत अंक बदलून बदलून वाचायचे. मुलगी मात्र इंग्रजी कपाटापाशी जाऊन उभी राहते आणि असं काही पुस्तक काढते की ज्याच्या मुखपृष्ठावर जळणारं शहर असतं आणि त्या शहरासमोर एक मुलगी पाठमोरी उभी असते. मग आई मला बाजूला घेऊन विचारते, “मॅडम, ही सारखी असलंच वाचते हो. जग बुडालंय, सरकार दुष्ट आहे, आणि त्यात हिचं प्रेम. सणासुदीला हे काय वाचायचं?”

या पुस्तकांना डिस्टोपियन रोमान्स म्हणतात. मराठीत याला सुटसुटीत शब्द रुळलेला नाही. मी आपल्या पंचवटीच्या हिशेबाने सांगते, रामराज्याच्या बरोबर उलट राज्य, आणि त्या राज्यात दोन माणसं एकमेकांच्या प्रेमात पडतात. एवढीच व्याख्या पुरे.

आता हा काही पोरांनी काल काढलेला प्रकार नाही. झाम्यातिन नावाच्या रशियन लेखकाने १९२० च्या सुमारास ‘वुई’ लिहिली. त्यात माणसांना नावं नाहीत, नंबर आहेत. घरं काचेची, सगळ्यांना सगळं दिसतं. पडदे ओढायचे असतील तर सरकारी गुलाबी तिकीट लागतं. त्या पुस्तकाचा नायक डी-५०३ हा प्रेमात पडतो आणि त्याला वाटतं, आपण आजारी पडलोय. ही कादंबरी १९२४ साली आधी इंग्रजीत अमेरिकेत छापली गेली. लेखकाच्या स्वतःच्या देशात ती छापायला १९८८ उजाडलं. मग १९४९ मध्ये जॉर्ज ऑर्वेलची ‘नाइन्टीन एटीफोर’ आली. आपली बॅचच १९८४ ची, त्यामुळे हे पुस्तक आपल्या नावावरच आहे असं मी समजते. लोकांना त्यातला ‘बिग ब्रदर’ लक्षात राहतो. मला लक्षात राहते ती चिठ्ठी. ज्युलिया नावाची मुलगी कचेरीच्या बोळात मुद्दाम पडते आणि विन्स्टन तिला उठवायला वाकतो तेव्हा त्याच्या हातात एक चिठ्ठी सरकवते. तो ती लगेच उघडू शकत नाही, कारण भिंतीवरचा पडदा बघत असतो. त्या चिठ्ठीत काय असेल या धास्तीत तो बिचारा काम करत राहतो. त्याला वाटतं, आता आपलं मरण आलं. असतं मात्र प्रेमपत्र, तेही एका ओळीचं.

चिठ्ठीवरून मला जे सांगायचं आहे ते आपल्या शाळेतलंच आहे. जिच्याबद्दल सांगते तिला फोन करून विचारलं होतं. ती म्हणाली, सांग, पण नाव घेऊ नकोस.

आपल्या वेळी मुलींच्या रांगा खिडकीकडे आणि मुलांच्या दाराकडे. बोलायचं ते मॉनिटरमार्फत. नववीत असताना आपल्या वर्गातल्या एका मुलीच्या वाचनालयाच्या पुस्तकात तिच्या घरच्यांना एक चिठ्ठी सापडली. चिठ्ठीत काय होतं हे मला माहीत आहे, कारण मी तिच्या शेजारी बसत होते. त्यात लिहिलं होतं, ‘मृत्युंजय वाचून झालं का? झालं असेल तर मला दे.’ बस. खाली नाव नव्हतं. पण अक्षर मुलाचं होतं. आठवड्याभरात तिचं नाव शाळेतून काढलं. पुढच्या उन्हाळ्यात लग्न. सतरावं लागलं नव्हतं. मुलीच्या लग्नाचं वय १९७८ पासून कायद्याने अठरा आहे हे आपल्याला नागरिकशास्त्रात शिकवत होते, त्याच वर्षी.

आज या सभागृहात आपण किती जमलोय ते संयोजकांनी मोजून सांगितलं, टाळ्या झाल्या. ती त्या मोजणीत नाही, कारण दहावीच्या यादीत तिचं नावच नव्हतं. म्हणून मी जेव्हा सोळा वर्षांच्या मुलीला असली पुस्तकं देते तेव्हा ‘हे परदेशी फॅड आहे, आपल्याकडे असं कुठं असतं’ असं मला कुणी म्हणालं की मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहते.

मघाशी सांगितलेल्या आयांपैकी एकीची मुलगी गेल्या वर्षी ‘हंगर गेम्स’ तिसऱ्यांदा न्यायला आली. मी विचारलं, काय गं आहे त्यात एवढं? मला वाटलं, म्हणेल हीरो छान आहे. तर म्हणाली, “मावशी, त्यातल्या मुलीला प्रेमाचं नाटक करावं लागतं, कारण कॅमेरा बघतोय. आणि मग तिचं तिलाच कळेना होतं की खरं काय.” सुझान कॉलिन्सचं हे पुस्तक २००८ चं. चोवीस मुलं रिंगणात सोडतात, एकच जिवंत परतणार, आणि सगळा देश ते टीव्हीवर बघतो. ही मुलगी पुढे म्हणाली, “माझ्या फोनचं लोकेशन आईला दिसतं, बाबांना दिसतं, क्लासवाल्यांनाही दिसतं.” तक्रारीच्या सुरात नाही म्हणाली, नुसतं सांगितलं. आईची बाजूही मला कळते. जमाना कसा आहे हे मलाही दिसतं, मीसुद्धा मुलगी वाढवली. पण त्या मुलीला पुस्तकात काय सापडलं तेही मला समजलं.

सगळी पुस्तकं चांगली असतात असं मात्र अजिबात नाही. यातली निम्मी एकाच साच्यातून काढलेली आहेत. उंच भिंतीचं शहर, सोळाव्या वर्षी एक सरकारी परीक्षा, एक धीट मुलगी, तिच्यावर जीव लावणारे दोन मुलगे, आणि तीन भाग. तिसरा भाग बहुधा वाचकासाठी नसतो, प्रकाशकासाठी असतो. तरी त्यातही एखादी कल्पना लखकन चमकून जाते. लॉरेन ऑलिव्हरच्या ‘डिलिरियम’ मध्ये, २०११ चं पुस्तक आहे, प्रेम हा रोग ठरवलाय आणि अठरा वर्षं पूर्ण झाली की त्यावर शस्त्रक्रिया करतात. आमच्या एका सभासद आजी हे ऐकून म्हणाल्या, आमच्या वेळी शस्त्रक्रियेआधीच लग्न उरकायचे, खर्च वाचायचा.

एका गोष्टीपासून मात्र मी आयांना सावध करते. आजकाल ‘डार्क रोमान्स’ म्हणून वेगळाच माल बाजारात आहे. पुरुष बाईला कोंडून ठेवतो, धमकावतो, आणि पुस्तक त्यालाच प्रेम म्हणतं. दिसायला दोन्हींची मुखपृष्ठं सारखीच काळी. मी फरक असा करते की कुलपाची किल्ली कुणाकडे आहे ते बघायचं आणि हे कुलूप वाईट आहे हे लेखकाला कळलंय का ते बघायचं. ऑर्वेलला कळलं होतं. ज्यांना कळलेलं नाही ती पुस्तकं माझ्याकडे शाळकरी मुलांच्या कपाटात येत नाहीत. कुणी याला सेन्सॉरशिप म्हणेल, म्हणू दे. माझी फळी आहे.

मराठीत काय आहे असं तुम्ही विचाराल. दिवाळी आणि वाचन ही सांगड आपलीच. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून फराळाच्या ताटाशेजारी अंक आला. आपल्या लहानपणी घरात ‘आवाज’ आला की आधी वडील त्यातल्या खिडक्या उघडून बघायचे आणि मग तो कपाटावर जायचा, इतका वर की स्टूल लागायचं. ‘नवल’ आणि ‘धनंजय’ मधल्या गूढकथा आणि विज्ञानकथा आपण रात्री पांघरुणात वाचल्या. आपल्या पिढीचं उद्याच्या जगाचं भय त्या अंकांनीच घडवलं. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत पहिली कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या टोपणनावाने, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून मंगलाताईंनी ती स्वतःच्या हाताने उतरवून काढली. मला ही गोष्ट कुठल्याही प्रेमकथेपेक्षा कमी वाटत नाही. पुढे तेच नारळीकर आपल्या नाशिकच्या २०२१ च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. प्रकृतीमुळे ते येऊ शकले नाहीत, पण अध्यक्ष नाशिकचेच. त्यांची ‘वामन परत न आला’ आता पुन्हा वाचा. यंत्राच्या हाती कारभार गेला की काय होतं ते त्यांनी १९८० च्या दशकात लिहून ठेवलंय. प्रेमकथा म्हणाल तर त्यात फारशी नाही, शास्त्रज्ञाचं लक्ष दुसरीकडे आहे.

मला विचाराल तर या जातीचं सगळ्यात चांगलं मराठी पुस्तक विज्ञानकथा नाहीच. ते आहे लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. हसू नका. लक्ष्मीबाईंचं जन्मगाव जलालपूर, आपल्या नाशिकजवळचं, १८६८. वडिलांचं सोवळं असं की बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात येत नसे, आणि त्या सोवळ्याखाली सगळं घर दबलेलं. मुलीचं लग्न अकराव्या वर्षी. नवरा विलक्षण, कवी, आज इथे तर उद्या तिथे. १८९५ मध्ये तो ख्रिस्ती झाला आणि नवरा-बायकोच्या मध्ये सगळा समाज भिंतीसारखा उभा राहिला. जवळजवळ पाच वर्षं ती दोघं वेगळी. तिच्यावर पहारा, पत्रांवर नजर, ‘तो तुला मेला’ असं सांगणारी माणसं. आणि ही बाई स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या विचाराने परत त्याच्याकडे जाते. आधी धर्म न बदलता जाते, हे महत्त्वाचं. आणि हे सगळं सांगताना आपल्याला पोट धरून हसवते. ‘हंगर गेम्स’ वाल्या त्या मुलीला मी सांगितलं, पुढचा भाग नेतेस त्यासोबत हे पण ने, कंटाळा आला तर परत कर. तिने तीन आठवडे ठेवलं, दंड भरला आणि म्हणाली, “यांच्यावर सिरीज का नाही काढत?”

आपली ती मैत्रीण पण मराठीच वाचते. तिच्या गावाला वाचनालय नाही. गेली सहा वर्षं मी तिला दिवाळीत पार्सल पाठवते, अंक आणि एक पुस्तक, पाकिटावर तिचं स्वतःचं नाव लिहून, कुणाच्या मार्फत नाही. ‘स्मृतिचित्रे’ गेल्याच्या गेल्या वर्षी पाठवलं. तिचा फोन आला. पुस्तकाबद्दल काही बोलली नाही. म्हणाली, “पोस्टमन आता मला नावाने हाक मारतो.”

आपल्या वयाच्या लोकांसाठी एकच नाव सांगते. काझुओ इशिगुरोची ‘नेव्हर लेट मी गो’, २००५. एका शाळेतली तीन मुलं, त्यांची मैत्री, त्यांचं प्रेम, मोठेपणी भेटल्यावर ‘त्या बाई तेव्हा असं का म्हणाल्या होत्या’ यावरच्या गप्पा. अगदी आपला आजचा मेळावा. फक्त हळूहळू कळतं की ही मुलं इतरांना अवयव पुरवण्यासाठी वाढवलेली आहेत. मुलांमध्ये एक अफवा असते की दोघांचं खरं प्रेम आहे असं सिद्ध करता आलं तर थोडी वर्षं वाढवून मिळतात. पुढचं सांगत नाही. लक्ष्मीपूजनाच्या रात्री वाचू नका, भाऊबीज झाल्यावर घ्या. ज्यांनी आपल्यातले चार जण कोविडमध्ये गेल्याचं मघाशी वाचून दाखवलं, त्यांनी तर सावकाश घ्या.

मुलामुलींना देताना माझा एक आग्रह आहे. पुस्तक बक्षीस म्हणून द्या, औषध म्हणून नको. ‘हे वाच, तुला वळण लागेल’ म्हणून दिलेलं पुस्तक पाडव्यापर्यंत सोफ्याखाली जातं. एक तिच्या आवडीचं घ्या, एक तुमच्या, आणि तिचं तुम्ही वाचा. हे शेवटचं कुणी करत नाही.

नाशिकमध्ये पुस्तक मिळत नाही ही सबब चालणार नाही. सार्वजनिक वाचनालय १८४० पासून आहे. तात्यासाहेबांच्या नावाच्या प्रतिष्ठानने २००९ पासून ‘ग्रंथ तुमच्या दारी’ च्या पेट्या घरोघर पोचवल्या, त्या थेट परदेशात गेल्या. तुमच्या सोसायटीत पेटी येत नसेल तर चार घरं जमवा आणि विचारून बघा.

बाहेर टेबलावर एक वही ठेवली आहे. ज्यांना पार्सलच्या वर्गणीत भाग घ्यायचाय त्यांनी नाव आणि रक्कम लिहा. यंदा एकच पार्सल नाही. पोस्टमनच्या त्या गोष्टीनंतर तिने तिच्या गावातल्या आणखी अकरा बायकांची नावं पाठवली आहेत, पत्त्यांसकट. अकरापैकी दोघींना मोठ्या टायपातलं हवंय आणि एकीने ‘मृत्युंजय’ मागितलंय. ते माझ्याकडे आहे. बाकीचं तुमच्या घरच्या कपाटातून येऊ शकतं. वसुबारसेच्या आधीच्या सोमवारी पार्सलं टाकायची आहेत, त्यामुळे पुस्तकं शनिवारपर्यंत वाचनालयात आणून द्या. संध्याकाळी साडेपाच ते आठ मी तिथेच असते.