रायगड बघायचा, तर सगळ्यांनी

(रौप्यमहोत्सवी वर्षातल्या रायगड सहलीच्या आधी, सोसायटीच्या पार्किंगमध्ये झालेल्या सभासदांच्या बैठकीत सहल समितीच्या वतीने केलेले भाषण.)

माननीय अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार, समोर खुर्च्यांवर बसलेले सर्व सभासद, चटईवर बसलेली आणि एका जागी न बसणारी बालमंडळी, आणि वर गॅलरीत उभे राहून ऐकणारे आपले ज्येष्ठ! आवाज चौथ्या मजल्यापर्यंत येतोय ना? आजी, येत नसेल तर हात वर करा. आला हात. माईक जरा वाढवा रे.

आता ठीक. तर, येत्या शुक्रवारी आपण रायगडला जातोय. रोपवेने. गेल्या पंचवीस वर्षांत आपण पुष्कळ सहली केल्या. टिटवाळा झालं, अलिबाग झालं, गणपतीपुळे झालं, कोंडेश्वरला तर पावसाळ्यात उठसूट जात होतो. मग या सहलीसाठी वेगळी बैठक कशाला, असं काही जणांनी विचारलं. त्याचं कारण आधी सांगतो, वेळापत्रक नंतर.

दहा-बारा वर्षांपूर्वी आपली सहल एका गडावर गेली होती. जुन्या सभासदांना आठवत असेल. गड सुंदर, पण चढण उभी. तरुण मंडळी चढून गेली, आम्ही मध्यमवयीन धापा टाकत मागून गेलो, आणि सात जण खाली राहिले. बस एका झाडाखाली उभी होती. त्या सात जणांत माझी आई होती. चार तासांनी आम्ही फोटो दाखवत, हसत-खिदळत खाली आलो. मी विचारलं, "आई, कंटाळलीस का गं?" ती म्हणाली, "नाही रे, झाड छान होतं."

ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. आई आता नाही. तिला शाळेत असल्यापासून रायगड बघायचा होता. रोपवे तर १९९६ सालापासून आहे. आपली सोसायटी रजिस्टर व्हायच्या आधीपासून तो चालू होता. आई असताना न्यायला मला कोणी अडवलं नव्हतं. राहून गेलं, एवढंच.

म्हणून या वेळी सहल समितीने ठिकाण ठरवताना एकच अट घातली. जिथे सगळे जाऊ शकतील, तिथेच जायचं. बसमध्ये कोणी थांबणार नाही. कोणी माथेरान सुचवलं, पण ते तर आपल्या नेरळच्या डोक्यावरच आहे, कधीही जाता येईल. कोणी वणीची सप्तशृंगी सुचवली. तिथे आता रुळांवरून चढणारी ट्रॉली आहे, पण एका दिवसात जाऊन येणं आपल्या वयाच्या मंडळींना जड जाईल. शेवटी रायगडवर शिक्कामोर्तब झालं. त्यातून २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान दिला, त्यात रायगड आहे. तेव्हा रौप्यमहोत्सवाला हेच शोभून दिसेल.

आता रोपवेबद्दल. "तारेवर लटकायचं म्हणजे भीती वाटते," असं दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या. मी अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत आयुष्य काढलं. तार, भार, ब्रेक हे शब्द ऐकले की मला बोलल्याशिवाय राहवत नाही, पण थोडक्यात सांगतो. विहिरीवरचा रहाट आठवा. दोरीच्या एका टोकाला भरलेली बादली वर येते, तेव्हा दुसऱ्या टोकाची रिकामी बादली खाली जाते. दोन्ही एकमेकींना तोलून धरतात. इथेही तसंच. एका बाजूच्या ट्रॉल्या वर जातात तेव्हा दुसऱ्या बाजूच्या खाली येतात. त्यामुळे आपण चढेपर्यंत ट्रॉली थांबलेली असते, चालत्या गाडीत उडी मारायची नाही. ज्यांनी तीस वर्षं बदलापूर लोकलमध्ये शिरण्याचा पराक्रम केलाय, त्यांनी याला घाबरू नये! तार साधारण पाऊण किलोमीटरची, चढ चारशे मीटरच्या आसपास आणि वेळ फक्त चार मिनिटं. पायऱ्यांनी तेच अंतर चढायला धडधाकट माणसाला दीड-दोन तास लागतात.

खालचं स्टेशन हिरकणीवाडीत आहे. हिरकणीची गोष्ट मुलांना माहीत आहेच. गडावर दूध घालायला गेलेली गवळण, कोजागिरीची रात्र, संध्याकाळी बंद झालेले दरवाजे, आणि घरी पाळण्यात तान्हं मूल. दरवाजा उघडेना, तेव्हा ती अंधारात कडा उतरून घरी गेली. लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या सांगितलेली ही कथा आहे, आणि तो बुरूज आजही तिच्या नावाने ओळखला जातो. जाताना मुलांनी तो कडा नीट बघावा.

वर पोचल्यावर सगळं संपलं असं समजू नका. वरच्या स्टेशनापासून मेणा दरवाजाने आत शिरायचं, तिथेही पायऱ्या आहेत. राण्यांचे मेणे या वाटेने जात म्हणून मेणा दरवाजा. आपल्याकडे मेणे नाहीत, म्हणून घडीची स्टुलं घेतली आहेत, दहा. प्रत्येक स्टूल एका कॉलेजच्या पोराच्या खांद्यावर असेल, आणि ज्येष्ठांनी "बसू का जरा?" असं विचारायचं नाही. नुसतं थांबायचं, स्टूल मागे येईल.

वरती काय बघायचं, तेही दमाप्रमाणे तीन टप्प्यांत ठरवलंय. पहिला टप्पा सगळ्यांचा: राण्यांचे महाल आणि राजसदर. ६ जून १६७४ रोजी महाराजांचा राज्याभिषेक झाला, ती ही जागा. इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन त्या सोहळ्याला हजर होता. नगारखान्यापाशी दोन हत्ती उभे असलेले बघून, हे एवढ्या उंच चढवले कसे, याचं त्याला नवल वाटलं होतं. तिथे मुलांनी एक प्रयोग करायचा. एकाने नगारखान्यापाशी हळू बोलायचं, दुसऱ्याने सिंहासनाच्या जागी उभं राहून ऐकायचं. शब्द ऐकू येतो. आपल्या माईकवाल्याने त्यातून काही शिकावं.

दुसरा टप्पा होळीचा माळ आणि बाजारपेठ. समोरासमोर दोन रांगा, उंच जोती. घोड्यावरून न उतरता खरेदी करता यावी म्हणून ती उंच ठेवली, असं म्हणतात. तिसरा टप्पा, ज्यांना झेपेल त्यांनी, जगदीश्वराचं मंदिर आणि महाराजांची समाधी. मंदिराच्या पायरीवर हिरोजी इंदुलकरांचं नाव कोरलेलं आहे. एवढी राजधानी बांधणाऱ्या माणसाने आपलं नाव कळसावर नाही, पायरीवर लावलं. ते वाकून वाचा. पाय ठेवून पुढे जाऊ नका. टकमक टोकाकडे जायचं असेल तर मोठ्यांबरोबरच, आणि सेल्फी काठापासून लांब.

ज्यांना गड चढूनच जायचाय, अशी तेरा जणांची यादी आली आहे. त्यांना बस चित दरवाजापाशी सोडेल. ते महादरवाजातून वर येतील आणि होळीच्या माळावर आपल्याला भेटतील. पण अट ही की उतरताना त्यांनीही पायऱ्यांनीच उतरायचं. दुपारी परतीच्या रांगेत आपल्या ज्येष्ठांच्या पुढे एकही तरुण दिसता कामा नये.

आता वेळापत्रक. पहाटे ४ वाजता इथे, पार्किंगमध्ये. ४.३० ला बस सुटेल. वांगणी, नेरळ, कर्जत, खोपोली असं करत पालीला सकाळी सातच्या सुमाराला. बल्लाळेश्वराचं दर्शन, नाश्ता आणि स्वच्छतागृह. पुढे वाकणला मुंबई-गोवा रस्ता धरायचा, कोलाड, माणगाव, मग निजामपूरमार्गे पाचाड. एका बाजूने दीडशे किलोमीटरपेक्षा जास्त प्रवास आहे. त्यामुळे दर दीड तासाला गाडी थांबेल. साठीच्या पुढच्यांना याचं कारण सांगायला नको. घाटात ज्यांना मळमळतं त्यांनी पुढच्या सीटवर बसावं. सकाळी दहाला हिरकणीवाडी. शनिवार-रविवारी तिथे लांब रांग लागते, म्हणून शुक्रवार धरला. नोकरदारांनी एक रजा टाकावी. दुपारी अडीचला आपण वरून निघायचं म्हणजे निघायचं. संध्याकाळी सगळा गड एकदमच खाली उतरू बघतो.

जेवण खाली सांगून ठेवलंय: पिठलं, भाकरी, ठेचा, भात-आमटी. वर गावकरी ताक आणि लिंबूसरबत विकतात, ते त्यांच्याकडूनच घ्या, चार पैसे तिथे राहू देत. टोप्या उल्हासनगरच्या बाजारातून घाऊक भावात आणल्या आहेत. रंग भडक आहे हे मान्य, पण गर्दीत माणूस सापडतो. बीपी, शुगरच्या गोळ्या स्वतःच्या खिशात ठेवा, बसमधल्या बॅगेत नको. कचरा परत आणायचा.

वारा फार असला तर रोपवे थांबवतात. ते आपल्या भल्यासाठीच असतं, तिथे वाद घालायचा नाही. तसं झालं तर पाचाडला जिजाऊंच्या समाधीपाशी आणि वाड्यापाशी दिवस घालवायचा. राज्याभिषेक बघून अवघ्या अकरा दिवसांनी, १७ जून १६७४ ला, त्या पाचाडलाच गेल्या. गड चुकला तरी पाचाड चुकणार नाही.

सहलीचं झालं. आता जे बोलायला मी खरा उभा राहिलो, ते.

यादी करायला मी घरोघर गेलो. चौथ्या मजल्यावरच्या आजी, ज्या आत्ता वरून ऐकतायत, त्यांना म्हणालो, "आजी, काही चढायचं नाही, चार मिनिटांत गडावर." त्या म्हणाल्या, "गडाचं राहू दे रे. या जिन्याचं काय?"

मी गप्प झालो. आपल्या जिन्याला अडुसष्ट पायऱ्या आहेत. आजी गेल्या दिवाळीनंतर खाली उतरलेल्या नाहीत. गॅलरीतून चंदेरीचा सुळका दिसतो, तेवढंच त्यांचं बाहेर. पोरं म्हणाली, आपण त्यांना खुर्चीत बसवून खाली आणू. आजींनी साफ नाही म्हटलं. "मला गाठोड्यासारखी नेऊ नका. मी माझ्या पायांनी उतरेन, पण मला वेळ द्या." म्हणून शुक्रवारी पहाटे साडेतीनपासून प्रत्येक मजल्यावर एक खुर्ची आणि एक माणूस असेल. आजी उतरतील तशा बाकीच्यांनी मागे थांबायचं. वर्षभर उतरू न शकलेले असे चार जण आहेत. कोणी "आटपा" म्हणायचं नाही.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण तळमजला अधिक चार अशी बिल्डिंग घेतली, तेव्हा सगळे तिशी-पस्तिशीत होतो. लिफ्ट नाही म्हणून भाव कमी होता, आणि आपण खूश होतो. सात वर्षांपूर्वी बाहेरून लिफ्ट बसवायचा विषय सर्वसाधारण सभेत आला. तो पडला. मी तळमजल्यावर राहतो. "आम्हाला लिफ्टचा काय उपयोग, आम्ही पैसे का द्यायचे?" हे वाक्य त्या सभेत सगळ्यात आधी मी बोललो. मिनिटबुकात नसेल, पण मला आठवतंय.

आणि मला दुसरंही आठवायला हवं होतं. २६ जुलै २००५. उल्हास नदी आपल्या गल्लीत आली. माझ्या घरात छातीएवढं पाणी होतं. मी, बायको, दोन मुलं आणि आई, आम्ही पाचही जण अडुसष्ट पायऱ्या चढून या आजींच्याच घरी गेलो. दोन रात्री. त्यांनी आमच्या आईला स्वतःच्या पलंगावर झोपवलं आणि स्वतः स्वयंपाकघरात सतरंजीवर झोपल्या. "तळमजल्यावरच्यांचा आम्हाला काय उपयोग," असं त्यांनी विचारलं नाही.

तेव्हा येत्या सर्वसाधारण सभेत लिफ्टचा विषय पुन्हा ठेवावा, असं पत्र मी आजच सेक्रेटरींकडे दिलंय. इंजिनिअरला दाखवावं लागेल, परवानग्या लागतील, खर्च मोठा आहे, त्यावर भांडणंही होतील. होऊ द्या. पण तळमजल्याच्या वाट्याची पहिली सही माझी आहे. बाकीच्यांनी विचार करावा. आज हात वर करायला सांगत नाही.

एवढंच सांगतो, डोंगरावर जायला चार मिनिटं लागतात आणि घरातून गेटपर्यंत यायला अर्धा तास, ही गोष्ट आपल्या सोसायटीला शोभत नाही.

शुक्रवारी पहाटे ४ वाजता. उशीर करणाऱ्यांसाठी बस थांबणार नाही. जिन्यातून सावकाश उतरणाऱ्यांसाठी मात्र थांबेल.

आजी, ऐकू आलं ना? बरं. जय शिवराय.