व्होल्टेजची राखण कोणाची?

(वीज कामगार व कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



विजेच्या प्रश्नावरील चर्चा बहुधा दरवाढीपाशी सुरू होते आणि भारनियमनापाशी संपते. हे स्वाभाविकच आहे. बिल घरात येते आणि अंधारही घरातच येतो. परंतु वीज उद्योगातील मालकीचा प्रश्न जिथे सर्वांत स्पष्ट दिसतो ती जागा बिलात नाही. ती जनित्राशेजारच्या एका कपाटात आहे. एक्सायटेशनचे नियंत्रण आणि संरक्षण करणारी यंत्रणा या कपाटात असते. कामगार त्याला ‘एव्हीआर पॅनेल’ म्हणतात. त्याविषयी जाहीर सभेत कोणी बोलत नाही, म्हणूनच अभ्यासवर्गात बोलणे अगत्याचे आहे.

जनित्राचा फिरणारा भाग, म्हणजे रोटर, हा एक प्रचंड विद्युतचुंबक असतो. त्याच्या गुंडाळ्यांतून एकदिश प्रवाह सोडला की चुंबकत्व निर्माण होते. टर्बाइन त्याला फिरवते आणि स्टेटरमध्ये वीज उत्पन्न होते. या प्रवाहालाच एक्सायटेशन म्हणतात. टर्बाइनकडे अधिक वाफ वा पाणी सोडले तर मेगावॅट वाढतात. एक्सायटेशन वाढवले तर मेगावॅट वाढत नाहीत. जनित्र ग्रीडला रिॲक्टिव्ह वीज पुरवू लागते आणि परिसरातील व्होल्टेज सावरते. एक्सायटेशन कमी केले की तेच जनित्र रिॲक्टिव्ह वीज शोषून घेते आणि चढलेले व्होल्टेज खाली येते. या विजेचे एक वैशिष्ट्य ध्यानात ठेवावे. ती फार दूर नेता येत नाही. जिथे गरज असेल तिथेच, जवळपास, निर्माण करावी लागते. घरगुती मीटर तिची नोंद करत नाही. तिच्यावाचून मात्र मेगावॅटची वाहतूकच होऊ शकत नाही.

आता यातील हितसंबंध पाहा. रोटर आणि स्टेटर किती तापू शकतात याला मर्यादा आहे. त्या मर्यादेवर चालणाऱ्या संचाकडून अधिक रिॲक्टिव्ह वीज हवी असेल, तर त्याचे मेगावॅट कमी करावे लागतात. मेगावॅट विकले जातात; रिॲक्टिव्ह विजेला मोबदला नसतो किंवा तुटपुंजा असतो. त्यामुळे ग्रीडचे हित आणि संचमालकाचे हित यांची दिशा नेमकी संकटाच्या क्षणी परस्परविरुद्ध होते. बाजारपेठेच्या उपासकांनी या साध्या गोष्टीचे उत्तर अजून समाधानकारकपणे दिलेले नाही.

१४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेच्या ओहायो राज्यात याचा प्रत्यय आला. ईरी सरोवराच्या काठी ईस्टलेक येथे फर्स्टएनर्जी या कंपनीचे औष्णिक केंद्र होते. उन्हाळी दुपारी क्लीव्हलंड परिसरात वातानुकूलन यंत्रांचा भार चढला होता आणि व्होल्टेज घसरत होते. त्या भागातील काही कपॅसिटर बँका नेहमीच्या तपासणीसाठी बंद होत्या. नियंत्रण कक्षातून निरनिराळ्या केंद्रांना व्होल्टेजला आधार देण्याची विनंती होत होती. ईस्टलेकच्या ५ क्रमांकाच्या, सुमारे ५९७ मेगावॅटच्या संचाने रिॲक्टिव्ह वीज वाढवत नेली. अखेर अतिएक्सायटेशनमुळे त्याचा नियंत्रक स्वयंचलित अवस्थेतून हस्तचलित अवस्थेत गेला. तो पूर्ववत करण्याच्या प्रयत्नात दुपारी १ वाजून ३१ मिनिटांनी संच ट्रिप झाला.

जनित्र वाचले, यात वाद नाही. संरक्षणाने स्वतःचे काम केले. पण एका यंत्राला वाचवणारी कृती जाळ्याला अधिक दुबळे करून गेली, कारण ज्या संचाकडून सर्वाधिक आधार हवा होता तोच गेला. अमेरिका व कॅनडाच्या संयुक्त चौकशीने केवळ या संचाला दोष दिला नाही, आणि ते योग्यच आहे. पुढे नियंत्रण कक्षातील धोक्याची सूचना देणारी संगणकप्रणाली निकामी झाली आणि ते कोणाच्या लक्षातही आले नाही. ३ वाजल्यानंतर तासाभरात ३४५ किलोव्होल्टच्या वाहिन्या एकामागून एक तारांखाली वाढलेल्या झाडांना भिडून तुटल्या. झाडे छाटायला माणसे लागतात आणि माणसे लावायला पैसे लागतात. ४ वाजून १० मिनिटांच्या सुमारास सारे कोसळले. सुमारे ५ कोटी लोक अंधारात गेले आणि ६१,८०० मेगावॅटचा भार तुटला.

या घटनेतील एक बाब इकडे फारशी सांगितली जात नाही. ग्रीडच्या विश्वासार्हतेचे नियम त्या काळी अमेरिकेत ऐच्छिक होते! वीज कंपन्यांनीच स्थापलेली संघटना नियम करी आणि कंपन्यांनी ते पाळावेत अशी अपेक्षा बाळगी. नियम कायद्याने बंधनकारक करण्याची तरतूद २००५ मध्ये झाली. आज तेथे एक्सायटेशनच्या मर्यादक यंत्रणा आणि संरक्षक रिले यांचा परस्पर मेळ आहे की नाही, हे पडताळून दाखवणे मालकांवर बंधनकारक आहे. मेळ याचा अर्थ असा, की रोटर तापू लागला तर आधी मर्यादकाने एक्सायटेशन खाली आणावे, आणि तेवढ्याने भागले नाही तरच रिलेने संच तोडावा. हा क्रम चुकला तर वाचू शकणारा संच विनाकारण बाहेर पडतो.

याची उलट बाजू स्पेनमध्ये दिसली. २८ एप्रिल २०२५ रोजी दुपारी १२ वाजून ३३ मिनिटांनी स्पेन आणि पोर्तुगाल अंधारात गेले. या वेळी व्होल्टेज घसरले नव्हते, भरमसाट चढले होते. व्होल्टेज आवरण्यासाठी नेमलेल्या पारंपरिक केंद्रांपैकी एकाने आदल्या संध्याकाळी असमर्थता कळवली आणि त्याच्या जागी दुसरे लावले गेले नाही. जी होती त्यांतील काहींनी अपेक्षेइतकी रिॲक्टिव्ह वीज शोषली नाही, असे स्पॅनिश सरकारच्या अहवालाने म्हटले. कंपन्यांनी सारा दोष ग्रीडचालकावर टाकला. सौरऊर्जेच्या विरोधकांना मात्र आयते निमित्त मिळाले. वास्तविक सौर केंद्रांनी व्होल्टेजचे सक्रिय नियंत्रण करावे अशी व्यवस्थाच तेथील नियमांत नव्हती. ती अपघातानंतर, जून २०२५ मध्ये मंजूर झाली. सूर्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणाऱ्यांनी एवढे तरी वाचायला हवे होते.

मग मालकी सार्वजनिक केली की प्रश्न सुटला काय? समाजवाद्यांनी इतके भाबडे असू नये. ३० जुलै २०१२ रोजी भारताचे उत्तर ग्रीड कोसळले आणि दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व व ईशान्य अशी तिन्ही ग्रीडे बसली. सुमारे ६० कोटी लोकांच्या प्रदेशाला झळ पोचली. ही ग्रीडे सार्वजनिक मालकीची होती. बिना-ग्वाल्हेर-आग्रा या ४०० किलोव्होल्ट वाहिनीवर कोणताही बिघाड नव्हता. अतिभारालाच बिघाड समजून रिलेने ती तोडली. रिलेला मालक कोण हे कळत नाही. त्याला फक्त त्याच्यात भरलेले आकडे कळतात. ते आकडे कोणी ठरवले, कधी तपासले आणि त्यांचा जाब कोणाला विचारता येतो, हा लोकशाहीचा प्रश्न आहे, आणि तो सार्वजनिक क्षेत्रातही तितकाच उभा राहतो.

डिजिटल यंत्रणेने हा प्रश्न अधिक टोकदार केला आहे. पूर्वी एव्हीआरची मांडणी चुंबकीय प्रवर्धक व पोटेन्शिओमीटर यांची असे. जाणता तंत्रज्ञ स्क्रूड्रायव्हर घेऊन ती जुळवी आणि आकडे वहीत लिहून ठेवी. आता सूक्ष्मप्रक्रियक आहेत. भारतातील ग्रीड-जोडणीच्या तांत्रिक मानकांनुसार १०० मेगावॅट व त्यावरील जनित्रांना डिजिटल नियंत्रणाचा, दोन स्वतंत्र चॅनेलांचा एव्हीआर लागतो. एक बिघडला तर दुसरा आपोआप सूत्रे घेतो. हे निःसंशय प्रगतीचे पाऊल आहे. यंत्राला विरोध हा कामगार चळवळीचा मार्ग नव्हे. डिजिटल नियंत्रक प्रत्येक घटनेची नोंद क्षणाक्षणाच्या हिशेबाने ठेवतो. अपघातानंतर ‘ऑपरेटरची चूक’ असे म्हणून हात झटकणे त्यामुळे कठीण व्हायला हवे. पण ती नोंद उघडण्याचा पासवर्ड ज्याच्याकडे, त्याच्याच हाती पुरावाही. सॉफ्टवेअर पुरवठादाराचे, दुरुस्तीचा करार पुरवठादाराशी, आणि पॅनेलसमोर रात्रपाळीला उभा असलेला माणूस कंत्राटी, अशी रचना जिथे असेल तिथे ज्ञान एकाच्या हाती, सत्ता दुसऱ्याच्या हाती आणि जबाबदारी तिसऱ्याच्या गळ्यात पडते. असल्या श्रमविभागणीला कार्यक्षमता म्हणण्याची पद्धत पडली आहे.

महाराष्ट्रात ६ जून २००५ रोजी वीज मंडळाचे विभाजन होऊन निर्मिती, पारेषण आणि वितरण यांच्या वेगळ्या कंपन्या झाल्या. एक्सायटेशनचा प्रश्न नेमका निर्मिती आणि पारेषण यांच्या सीमेवरचा आहे: यंत्र एका कंपनीचे, व्होल्टेजची चिंता दुसरीची. जे पूर्वी एका मंडळातील दोन अभियंत्यांच्या फोनवर भागत असे, ते आता करारात लिहावे लागते, आणि करारात जे लिहिलेले नाही ते कोणाचेच काम नसते. जानेवारी २०२३ मध्ये वीज कर्मचाऱ्यांनी खासगीकरणाविरुद्ध संप पुकारला, तेव्हा नोकऱ्यांची भाषा लोकांपर्यंत पोचली. या सीमेची पोचली नाही.

कार्यकर्त्यांनी हाती घ्यावी अशी मागणी साधी आहे. प्रत्येक मोठ्या संचाच्या, मग तो सरकारी असो वा खासगी, एव्हीआर, मर्यादक व रिले यांच्या जुळणीची ठरावीक काळाने चाचणी व्हावी. ती पुरवठादाराच्या नव्हे, ग्रीडचालकाच्या आणि कामगारांच्या प्रतिनिधींच्या उपस्थितीत व्हावी. आणि तिचा अहवाल खुला असावा. हे काम करू शकणारे कायम तंत्रज्ञ प्रत्येक केंद्रात असावेत आणि प्रशिक्षणाचा खर्च पुरवठादाराच्या करारातच धरला जावा. राज्य वीज नियामक आयोग दरनिश्चितीपूर्वी हरकती मागवतो आणि जाहीर सुनावण्या घेतो. तेथे ग्राहक संघटना युनिटच्या दरावर बोलतात. पुढच्या सुनावणीत वीज कामगारांच्या संघटनेने ग्राहक संघटनांबरोबर जाऊन हा चाचणी-अहवाल मागावा आणि मागणी लेखी नोंदवून घ्यावी.