हमालापाशी थांबणारा तपास



चोरीला फिर्यादी असतो, खुनात प्रेत असते; अमली पदार्थांच्या व्यवहारात विकणारा आणि घेणारा दोघेही मौन पाळतात. पोलीस अधिकाऱ्याला खबऱ्याच्या शब्दावरच निघावे लागते, आणि त्याच शब्दावर निरपराध माणूसही अडकू शकतो.

हे ओळखूनच १९८५च्या कायद्याने कठोर शिक्षांबरोबर कठोर बंधनेही घातली. मिळालेली खबर लेखी नोंदवावी लागते. राजपत्रित अधिकारी वा दंडाधिकारी यांच्यासमोर अंगझडती देण्याचा हक्क संशयिताला सांगितलाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९९ साली बजावले. पोलिसांप्रमाणेच अन्य खात्यांच्या तपास-अधिकाऱ्यांपुढील कबुलीजबाबही ग्राह्य नाही, हे २०२० साली ठरले. या बंधनांविषयी अधिकारी कुरकुरतात. परंतु ज्याला चांगला वकील परवडत नाही, त्याला दुसरी ढाल कोणती?

खरी उणीव अन्यत्र आहे. वीस किलोंहून अधिक गांजा वाहणाऱ्याला किमान दहा वर्षांची सक्तमजुरी आहे, जामीनही दुर्मिळ. हा वाहणारा बहुधा मजुरीसाठी ओझे उचलणारा असतो. पैसा पुरविणाऱ्यालाही तितकीच किमान शिक्षा कायद्यात आहे; त्याची मालमत्ता जप्त करण्याची तरतूद १९८९ साली आली. मात्र त्यासाठी हिशेबाच्या वह्या, बँकेची खाती, जमिनींचे व्यवहार चिकाटीने तपासावे लागतात. तेथे छायाचित्रासाठी मांडायला पोती नसतात.

तपास हमालापाशी थांबला की पेढी चालूच राहते. फक्त हमाल बदलतो. म्हणून पोलिसांना जाब विचारताना किती माल पकडला एवढ्यावर थांबू नये. पैसा कोणाचा होता, हेही विचारावे.