थंडीतली फुलं आणि संक्रांतीचं वाण

दिवाळी आवरली, फराळाचे डबे तळाला गेले, आणि पहाटे उठल्यावर अंगावर शाल ओढावीशी वाटायला लागली. आज आपण या थंडीत फुलणाऱ्या झाडांबद्दल बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, गटाच्या बैठकीत कर्ज, हप्ता, बँक यांतून वेळ मिळत नाही, तिथं फुलांचं काय? पण आज मला बोलायचंय ते गटाच्या कामाचंच आहे. शेवटपर्यंत ऐका.

आपल्याकडची थंडी गरीब स्वभावाची. पुण्याच्या आसपास डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १०-१२ अंशांपर्यंत उतरतो आणि दुपारी २८-३० पर्यंत चढतो. डोंगरी प्रदेशासारखा बर्फ पडत नाही, रोपं करपत नाहीत. ऊन कोवळं, पाऊस नाही, पाण्याची गरज उन्हाळ्यापेक्षा कमी. फुलझाडांना याहून चांगला काळ नाही. म्हणून तर पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमधलं पुष्पप्रदर्शन जानेवारीत, प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास भरतं.

आता एकेक झाड घेऊ.

पहिला मान शेवंतीचा. शेवंतीला कळी धरण्यासाठी नुसती थंडी पुरत नाही, तिला लांब रात्र लागते. सप्टेंबरच्या शेवटी दिवस-रात्र सारखी होतात आणि पुढं रात्र वाढत जाते. २१-२२ डिसेंबरला ती सगळ्यांत मोठी असते. रात्र लांबली की शेवंतीला कळतं, आता फुलायचं. म्हणून एक गोष्ट लक्षात ठेवा. शेवंतीची कुंडी रस्त्याच्या दिव्याखाली किंवा रात्रभर जळणाऱ्या बल्बजवळ असेल, तर झाड हिरवंगार राहतं, पण कळ्या येत नाहीत, आल्या तरी फार उशिरा येतात. खत कमी पडलं म्हणून आपण खत टाकत बसतो, आणि दोष असतो दिव्याचा. कुंडी उचला आणि रात्री अंधार असेल तिथं ठेवा. नाताळात दुकानांतून दिसणारं लाल पानांचं पॉइन्सेटिया, त्याचंही हेच आहे.

ज्यांच्याकडे शेवंती नाही, त्यांनी यंदा शेजारणीला सांगून ठेवा. फुलं संपली की फेब्रुवारीत झाड जमिनीपासून चार बोटं ठेवून कापतात. बुडातून नवे फुटवे निघतात. ते मुळासकट वेगळे करून कुंडीत जगवायचे आणि पावसाळ्याच्या तोंडाला जमिनीत लावायचे. लावल्यावर महिन्याभरानं शेंडा खुडायचा, म्हणजे फांद्या वाढतात. एका झाडाची दहा झाडं होतात, पैसा लागत नाही.

दुसरं झाड ॲस्टर. पुरंदर तालुक्यातल्या बहिणींना ॲस्टर सांगायला नको, त्यांची शेतंच आहेत. महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या पुण्यातल्या गणेशखिंड केंद्रात ॲस्टरचे वाण तयार झाले. फुले गणेश व्हाइट, फुले गणेश पिंक, फुले गणेश व्हायोलेट, फुले गणेश पर्पल अशी त्यांची नावं आहेत. पेरणीपासून फुलापर्यंत साधारण चार महिने लागतात. म्हणजे आज बी टाकलं तर फुलं फाल्गुनात येणार. थंडीत फुलं हवी असतील तर पुढच्या वर्षी श्रावण-भाद्रपदातच बी टाकायचं. ही तारीख आत्ताच गटाच्या वहीत लिहून ठेवा.

तिसरा झेंडू. दसरा-दिवाळीला तो भाव खातो आणि दिवाळी संपली की भाव कोसळतो, हे तुम्हाला माहीत आहे. पण झेंडूचं मोल नुसतं बाजारात नाही. टोमॅटोच्या शेतात मधूनमधून झेंडूच्या ओळी लावल्या, तर फळ पोखरणाऱ्या अळीची मादी अंडी घालायला आधी झेंडूकडे वळते. त्याच्या मुळांमुळं जमिनीतल्या सूत्रकृमींनाही आळा बसतो. गंमत म्हणजे, आपल्या दारावरच्या तोरणातला हा झेंडू मूळचा मेक्सिकोचा. तिकडच्या बाया नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत आपल्या गेलेल्या माणसांच्या आठवणीत झेंडूच्या पायघड्या घालतात.

गुलाबाची छाटणी कोजागिरीच्या आसपास झाली असेल, तर नोव्हेंबरअखेर-डिसेंबरात पहिला बहर येईल. राहिली असेल तर आज करा. वाळलेल्या आणि एकमेकींत घुसलेल्या फांद्या काढा, बाकीच्या बाहेरच्या डोळ्यावर तिरक्या कापा, आणि बुडाशी कुजलेलं शेणखत घाला. साधारण दीड महिन्यात फूल दिसेल.

आता बिनखर्चाची, कुंपणावरची मंडळी. कोरांटी, पिवळी, पांढरी, जांभळी, कुठलीही. पावसाळ्यात फांदी खोचली की लागते आणि पाऊस सरल्यावर फुलत राहते. अबोली वेणीत लवकर सुकत नाही, म्हणून तिला मागणी असते. कुंद थंडीतच पांढराशुभ्र होतो. आणि संक्रांतवेल! तिच्या नावातच तिचा महिना आहे. जानेवारीत ती केशरी फुलांनी इतकी लगडते की पानं दिसत नाहीत. शाळेच्या फाटकावर, अंगणवाडीच्या मांडवावर एक वेल पुरे.

मोगऱ्याची मात्र आत्ता फुलं मागू नका. त्याला विश्रांती द्या. डिसेंबरात पाणी तोडा, पानं गळू द्या, जानेवारीत छाटा, खत-पाणी सुरू करा. मग तो उन्हाळ्यात भरभरून देईल. झाडालाही सुट्टी लागते, मैत्रिणींनो. आपल्याला ती कुणी देत नाही, हा भाग वेगळा.

निगा सोपी आहे. थंडीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. घराच्या उत्तर बाजूला ऊन पोचत नाही. मी नारायण पेठेत राहते. इथं जुने वाडे जाऊन उंच इमारती झाल्या, त्यामुळं आमच्याकडच्या गॅलरीत दिवाळीनंतर कुंड्यांची जागा बदलावीच लागते. तुमच्याकडे अंगण असेल तर दक्षिणेची, पूर्वेची बाजू फुलांना द्या. पाणी सकाळी द्या, फुलांवर नको, बुडाशी. बुडाशी उसाचं पाचट किंवा पालापाचोळा पसरला की पाणी अर्ध्यावर भागतं. शेवंतीच्या कोवळ्या शेंड्यांवर मावा येतो. त्यासाठी ५० ग्रॅम निंबोळ्या कुटून रात्रभर थोड्या पाण्यात भिजवा, सकाळी फडक्यानं गाळा, त्यात पाणी घालून १ लिटर करा आणि फवारा. आठवड्यानं पुन्हा एकदा.

आता गटाच्या कामाची गोष्ट. संक्रांत येतेय. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत गावात हळदीकुंकू चालतं. प्रत्येक घरी वाण लुटलं जातं. प्लॅस्टिकचे डबे, चाळण्या, साबणदाण्या. त्यातलं निम्मं वर्षभर फडताळात पडून राहतं. त्याऐवजी कळी धरलेलं झेंडूचं रोप वाण म्हणून दिलं तर? शहरात रोपं वाण म्हणून देऊ लागल्यात. मग ती रोपं आपल्या गटानं का तयार करू नयेत?

हिशोब तारखेचा आहे. बुटक्या झेंडूला पेरणीपासून पहिल्या फुलापर्यंत दोन ते अडीच महिने लागतात. म्हणजे बी याच आठवड्यात पडलं पाहिजे. बी झाडावरच पिकून वाळलेल्या फुलाचं घ्या. हारातल्या कोवळ्या फुलांचं बी बहुधा उगवत नाही. संकरित झेंडूच्या बियाचं रोप आईसारखं निघेलच असं नाही, म्हणून देशी झाडाचं घ्या किंवा पुडी विकत आणा. जुन्या क्रेटमध्ये माती आणि शेणखत घालून बी पेरा, वर मातीचा पातळ थर द्या. आठवड्यात उगवेल. चार-पाच आठवड्यांत, म्हणजे मार्गशीर्षात, रोप पिशवीत हलवा. दुधाच्या धुतलेल्या पिशव्या चालतात, खाली दोन भोकं पाडा. दोन भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत. माती काळी चिकट असेल तर थोडी वाळू. यंदा वेळ कमी आहे, म्हणून शेंडा खुडू नका. खुडल्यानं झाड भरदार होतं, पण फूल आठ-दहा दिवस मागं जातं.

पैशांचा हिशोबही मांडू. समजा, १० जणींच्या गटानं २०० रोपं केली. बी, खत, पिशवी धरून रोपामागं ६ रुपये खर्च आला, एकूण १२०० रुपये. त्यातली ४० मेली किंवा उरली असं धरू. उरलेली १६० रोपं २० रुपयांना गेली तर ३२०० रुपये आले. खर्च वजा जाता २००० रुपये, म्हणजे एकीला २००. हे आकडे मी समजुतीसाठी धरले आहेत, तुम्ही तुमच्या गावचे दर घालून मांडा. २०० रुपये ही मोठी रक्कम नाही, मलाही माहीत आहे. पण कर्ज न काढता, रान न अडवता, घरच्या अंगणात केलेल्या कामाचे ते पैसे असतील आणि वहीत तिच्या नावावर लिहिले जातील. शेतात दिवसभर राबून ‘घरचंच तर काम’ म्हणून जिचा हिशोब कुठंच होत नाही, तिला ही ओळ वहीत दिसणं मोठं असतं. आधी ऑर्डर घ्या, मग बी टाका. ज्या घरी हळदीकुंकू आहे, तिथं याच आठवड्यात विचारून या. किती रोपं करायची ते त्यावरून ठरेल.

आणि आता जे बोलायला मी आज आलेय, ते बोलते. आपल्या गटात अशी एखादी तरी असते, जी रोपांना पाणी घालते, पिशव्या भरते, हिशोब चोख ठेवते, आणि संक्रांतीच्या दिवशी मात्र घरात बसून राहते. कारण तिचा नवरा वारलेला असतो. बैठकीत ती आपल्या शेजारी बसते. कर्जाला जामीन म्हणून तिची सही चालते. पण हळदीकुंकवाला तिला आमंत्रण नसतं. तिनं वाढवलेलं फूल सगळ्यांच्या केसांत जातं, तिच्या नाही. ही रीत आपण बायकाच चालवतो, म्हणून ती मोडणंही आपल्याच हातात आहे.

हे काही जगावेगळं नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचं गाव आहे. मे २०२२ मध्ये त्या ग्रामपंचायतीनं ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं आमच्या गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना हाच कित्ता गिरवायला सांगितलं. ठराव कागदावर होतो, तो घरात यायला वेळ लागतो. तो बचत गटातून लवकर येऊ शकतो, कारण आपण दर महिन्याला भेटतो आणि एकमेकींची घरं ओळखतो.

तिलाही एकदम कुंकू लावून घ्यायचं नसेल. संकोच असेल, सासूची, दिरांची भीती असेल. जबरदस्ती नको. पण रोप तर कुणालाही देता येतं. रोपाला विधवा-सवाष्ण कळत नाही. म्हणून माझं सुचवणं असं, की यंदा गटाचं हळदीकुंकू करायचं, त्याला नाव द्यायचं ‘तिळगूळ आणि रोप’, आणि गावातल्या प्रत्येक बाईला बोलवायचं. नवरा असलेली, गेलेला, टाकलेली, लग्न न केलेली. पहिलं रोप गटातल्या त्या ताईच्या हातात द्यायचं, तिनं मग बाकीच्यांना वाटायचं. कुंकू लावायचं की नाही ते ज्या-त्या बाईनं ठरवावं. एखादी सासूबाई रुसेल. रुसू दे. तिलाही रोप द्या.

३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती असते. १८३१ साली साताऱ्याकडच्या नायगावात त्या जन्मल्या. जोतीरावांच्या घराण्याचं मूळ आडनाव गोऱ्हे. पेशव्यांना फुलं पुरवायच्या धंद्यामुळं ते फुले झाले. सावित्रीबाईंचा कवितासंग्रह १८५४ मध्ये निघाला, त्याचं नाव ‘काव्यफुले’. त्यात गुलाबावर, जाईवर, पिवळ्या चाफ्यावर कविता आहेत. ज्या बाईनं विधवांसाठी इतकं केलं, तिला फुलांचाही इतका जिव्हाळा होता. संक्रांतीची वाट न बघता ३ जानेवारीलाच हा कार्यक्रम केलात तरी चालेल. फूल उमललेलं नसेल तर कळी असेल. कळीचं रोप घरी जाऊन फुलतं, ते तर अधिकच चांगलं.

तर या आठवड्यातली कामं पुन्हा सांगते. शेवंती दिव्याखालून हलवा. गुलाब छाटा. झेंडूचं बी पेरा. ऑर्डर विचारून या. आणि पुढच्या बैठकीत विषयपत्रिकेवर एक विषय वाढवा, संक्रांतीला कुणाकुणाला बोलवायचं. यादी सचिवताईंनी मोठ्यानं वाचायची. जिचं नाव राहिलं असेल, ते तिथंच लिहायचं.